तारे जिथे जन्मतात तो अंधार कसा पाहायचा: इंदूरकर नवशिक्यांसाठी

चार वर्षांपूर्वी सुदामा नगरातल्या आमच्या गच्चीवर मी पहिल्यांदा दुर्बीण लावली, तेव्हा गुलाबी-निळे ढग दिसतील याबद्दल मला शंकाच नव्हती. दिसला तो राखाडी डाग. भिंग पुसून पाहिलं, तरी डाग जिथल्या तिथे. पुढचे दोन हिवाळे मी आणखी मोठं, आणखी उजळ, आणखी रंगीत असं काही शोधण्यात घालवले आणि त्यात पैसेही घालवले. चूक दुर्बिणीची कमी आणि माझी जास्त होती. तारे जन्मतात ते चमकणाऱ्या ढगात, असं मी धरून चालले होते. खरं तर ते जन्मतात त्याच्या मागच्या काळ्या, गारठलेल्या ढगात. चमकणारा भाग ही त्या ढगाची जळालेली साल.

हे ज्या क्रमाने मला उशिरा कळलं, तो क्रम सरळ करून इथे लिहिते आहे. गणित शाळेपुरतं येत असलं तरी चालेल. पहिला हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा, एवढा वेळ मात्र द्या.

आधी सामान आणि कागद

- बायनॉक्युलर, १० बाय ५० किंवा ७ बाय ५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण उजेड तोच गोळा करतो.
- विजेरी आणि तिच्यावर बांधायला लाल जिलेटिन कागद. गणपतीच्या मखरातून उरलेला चालतो.
- फोनमध्ये स्टेलॅरियम हे नकाशाचं ॲप. पडदा लाल करायची सोय त्यात आहे, ती आधी चालू करा.
- तिथी दाखवणारं कॅलेंडर. हे तुमच्या स्वयंपाकघरात टांगलेलं असणारच.
- सतरंजी, शाल, थर्मास, आणि एक वही.
- शहराबाहेर जाणार असाल तर ओळखपत्र आणि गाडीचे कागद. रात्री रस्त्याकडेला गाडी थांबवून आकाशाकडे पाहणाऱ्या माणसाला गस्तवाले विचारणारच, आणि ते रास्तही आहे. महू ही लष्करी छावणी आहे. तिथून जाताना बायनॉक्युलर आणि कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

काय घेऊ नका, तेही सांगते. माझी पहिली दुर्बीण मी ऑनलाइन मागवली. खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठसठशीत छापलेलं होतं. भिंग होतं ६० मिलिमीटरचं. साधा नियम असा की भिंगाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे ६० ला १२० पट, यापलीकडे नुसता धुरळा दिसतो. शिवाय पसरट वस्तू जास्त पट केली की ती उजळ होत नाही, आणखी फिकी होते. ती दुर्बीण आता माळ्यावर पाटा-वरवंट्याशेजारी आहे. दुसरी गोष्ट, कुणी ‘ताऱ्याला तुमचं नाव देतो’ म्हणून प्रमाणपत्र विकत असेल, तर ते भिंतीवर लावायला ठीक आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघ अशा नावांना ओळखत नाही.

१. आधी शब्द सुधारा

ही पायरी पुण्या-मुंबईच्या माणसाला लागणार नाही. आपल्याला लागते. माझ्यासारखं तुमचंही शिक्षण हिंदी माध्यमात झालं असेल, तर एक गोंधळ डोक्यात पक्का बसलेला असतो. हिंदीत ‘परमाणु’ म्हणजे ॲटम आणि ‘अणु’ म्हणजे मॉलिक्यूल. मराठीत ‘अणू’ म्हणजे ॲटम आणि ‘रेणू’ म्हणजे मॉलिक्यूल. एकच शब्द, अर्थ एक पायरी सरकलेला. हिंदी लेखात ‘आणविक बादल’ वाचून मराठीत ‘अणूंचा ढग’ म्हणालात की सगळा मुद्दाच हरवतो. कारण अवकाशात सुट्या अणूंचे ढगही असतात, पण तारे तयार होतात ते हायड्रोजनचे दोन-दोन अणू जोडीने बांधले गेलेल्या ढगात. म्हणून तो रेणूंचा ढग, रेणुमेघ.

बाकीचे शब्द भराभर सांगते. गॅलेक्सी मराठीत दीर्घिका. आकाशगंगा हे फक्त आपल्या दीर्घिकेचं नाव. नेब्युला म्हणजे तेजोमेघ किंवा अभ्रिका. हिंदीतलं ‘तारामंडल’ आपल्याकडे तारकासमूह. वर्तमानपत्रं रेणुमेघाला ‘ताऱ्यांची नर्सरी’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण त्यातून काहीतरी उबदार, गुबगुबीत डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात तिथलं तापमान असतं उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास.

२. महिना आणि तिथी ठरवा

पहिलं लक्ष्य मृग नक्षत्र. आणि इथेच आमच्या सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी अडवलं होतं. ‘मृग लागतो जूनमध्ये, त्याचा पाऊस येतो, आणि तू थंडीत काय शोधतेस?’ प्रश्न चोख आहे. जूनच्या सात-आठ तारखेला ‘मृग लागला’ म्हणतो तेव्हा सूर्य मृगात गेलेला असतो. म्हणजे मृग दिवसा आकाशात, सूर्याच्या उजेडात बुडालेला. रात्री तो दिसतो बरोबर उलट्या ऋतूत. डिसेंबरच्या मध्यावर तो साडेबाराच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच येतो, संक्रांतीला सव्वादहा-साडेदहाला, फेब्रुवारीच्या मध्यावर सव्वाआठला. मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असल्या तरी फेब्रुवारी सोयीचा. जेवणं आटोपली की लगेच गच्चीवर.

तिथीचं गणित संकष्टीवरून लावा. त्या दिवशी चंद्रोदयासाठी ताटं वाढून आपण सगळेच थांबलेलो असतो. त्यापुढे चंद्र दर दिवशी सरासरी पाऊण-एक तास उशिरा उगवतो. म्हणून वद्य सप्तमी-अष्टमीपासून पुढच्या शुद्ध तृतीयेपर्यंत संध्याकाळ ते मध्यरात्र अंधार मिळतो. एवढेच दिवस कामाचे. कोजागिरीला मसाला दूध प्या, आकाशनिरीक्षण नको. आणि दिवाळीची अमावास्या दरवर्षी फुकट जाते: वर्षातली काळी रात्र, आणि सगळं इंदूर धुरात.

३. गच्चीवरून मृग

मृगाचे चार तारे चौकोनात, आणि मधोमध तीन ताऱ्यांची सरळ ओळ, म्हणजे व्याधाने मारलेला बाण. हा बाण इंदूरच्या झगमगाटातूनही दिसतो. बाणाच्या खाली दक्षिणेकडे मंद ताऱ्यांची एक छोटी उभी रेघ आहे. तिच्या मधला ‘तारा’ नीट पाहिलात तर टोकदार वाटत नाही, पुसट वाटतो. तोच एम ४२ (म्हणजे मेसिए याच्या यादीतला ४२ वा), मृगातला मोठा तेजोमेघ. आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षं.

इथे इंदूरकरांनी थोडी चैन मानायला हरकत नाही. आपण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे एम ४२ क्षितिजापासून जवळपास ६२ अंश वर चढतो. युरोपातले लोक जो खाली, धुक्याच्या पट्ट्यात पाहतात, तो आपल्याला मान चांगली वर करून पाहावा लागतो.

गच्चीवर गेल्यावर निदान वीस मिनिटं काहीही पाहू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो आणि एकदा फोनचा पांढरा पडदा पाहिला की घड्याळ पुन्हा शून्यावर. शेजारच्या गच्चीवरचा एलईडी पाठीमागे येईल असं बसा. मग बायनॉक्युलर कठड्यावर टेकवा. हातात धरून चालत नाही, आकाश थरथरतं. डागाकडे सरळ पाहू नका, किंचित बाजूला पाहा. डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला अंधूक उजेड जास्त कळतो, आणि तिरक्या नजरेत डागाला पंख फुटतात.

रंग दिसणार नाहीत. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. फार तर हिरवट छटा वाटेल. फोन स्टँडवर लावून दहा-पंधरा सेकंदांचा फोटो काढलात तर मात्र गुलाबीपणा येतो. तो खोटा नाही, हायड्रोजनचाच तांबडा प्रकाश आहे, ६५६ नॅनोमीटरचा. आपल्या डोळ्याची कुवत तेवढी नाही.

४. चमक आणि ढग यांत गल्लत करू नका

हीच माझी दोन हिवाळ्यांची चूक, म्हणून इथे थांबते.

एम ४२ च्या मध्यभागी चार ताऱ्यांचा लहानसा समलंब चौकोन आहे. बायनॉक्युलरला तो सुटा दिसत नाही. कुणाच्या छोट्या दुर्बिणीतून पन्नास-साठ पटीने पाहायला मिळाला तर सोडू नका. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा सूर्याच्या तीसपट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाचा आहे आणि त्याच्यातून अतिनील, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, प्रकाशाचा मारा चालू असतो. या माऱ्याने आसपासचे हायड्रोजन अणू फुटतात, त्यांचे इलेक्ट्रॉन सुटतात, पुन्हा जोडले जाताना चमकतात. तेजोमेघ म्हणजे ही चमक. त्या वायूचं तापमान जवळपास १० हजार अंश. तिथे आता नवे तारे तयार होणं अवघड, कारण गरम वायू आकसत नाही, फुगतो.

खरा रेणुमेघ त्याच्या मागे आहे. त्या काळ्या भिंतीच्या आपल्याकडच्या अंगाला हे तारे पेटले आणि त्यांनी भिंतीत एक खळगा पोखरला. आपण पाहतो तो खळग्याचा उजळलेला आतला पृष्ठभाग. चुलीच्या तोंडाशी भिंत जशी लालसर दिसते, तसं. चुलीमागची भिंत किती जाड आहे, ते त्या लालीवरून कळत नाही.

१९६७ मध्ये एरिक बेकलिन आणि गेरी नॉयगेबॉर या खगोलशास्त्रज्ञांनी याच जागेकडे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाशात पाहिलं आणि चार ताऱ्यांच्या अगदी शेजारी, नेहमीच्या प्रकाशात मुळीच न दिसणारी एक झगझगीत वस्तू त्यांना सापडली. भिंतीच्या आत लपलेला कोवळा, भारदस्त तारा. तुम्ही गच्चीवरून त्याच ठिकाणी पाहत असता. तुमच्या नजरेच्या ओळीतच तो असतो, फक्त मध्ये धूळ आहे.

आणखी एक सापळा: कृत्तिका. फोटोंत कृत्तिकांभोवती निळं धुकं दिसतं आणि सगळे म्हणतात, हे त्यांच्या जन्माचं उरलेलं. तसं नाही. कृत्तिकांचं वय १० कोटी वर्षांच्या आसपास आहे, त्यांचा जन्मढग कधीच विरला. त्या आता वाटेत आलेल्या एका परक्या धुळीतून जात आहेत.

५. अंधार पाहायला शहर सोडा

गच्चीवरून चमक दिसते, ढग दिसत नाही. ढग दिसायला पाठीमागे उजेड हवा, आणि तो उजेड म्हणजे आकाशगंगेचा पट्टा, जो इंदुरातून दिसत नाही.

दिशा निवडताना एवढंच पाहा की शहर तुमच्या उत्तरेला राहील. आपल्याला बघायचं आहे दक्षिणेकडे, वृश्चिकात. शहराचा पिवळा घुमट पाठीशी पडला पाहिजे. म्हणून महूच्या पुढे जानापावची टेकडी, जिथे चंबळ उगम पावते, किंवा खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे चोरलच्या बाजूला. (सिमरोलला आयआयटी आहे आणि तिथे खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, घरात बारावीचं पोर असेल तर येता-जाता कानावर घालून ठेवा.) जंगल हद्दीत रात्री थांबायचं तर वनखात्याकडे आधी विचारा. एकट्याने जाऊ नका. आम्ही चार बायका आणि दोन पुरुष असे जातो, आणि परतताना सराफ्यात गराडू खाल्ल्याशिवाय हिवाळ्यातली फेरी पूर्ण झाली असं कुणी मानत नाही.

मेच्या मध्यावर रात्री एक-दीडला वृश्चिक दक्षिणेला सर्वांत उंच असतो. त्याचा तांबूस तारा ज्येष्ठा शोधा. ज्येष्ठेच्या किंचित वर, उत्तरेकडे, एक भाग असा आहे जिथे तारे अचानक विरळ होतात, आणि तिथून काळपट ओहोळ पूर्वेला आकाशगंगेकडे गेलेले भासतात. हा भुजंगधारी या तारकासमूहातला रेणुमेघ, ४०० ते ४५० प्रकाशवर्षांवरचा, आपल्या शेजारच्या जन्मढगांपैकी एक. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या कामाला वर्ष झालं तेव्हा, जुलै २०२३ मध्ये, जो फोटो प्रसिद्ध केला तो याच ढगाचा.

जीप घेऊन आलेला आमचा ड्रायव्हर बायनॉक्युलर लावून बराच वेळ तिकडे पाहत होता. मग म्हणाला, ‘मॅडम, इधर तो कुछ नी है, खाली पड़ा है.’ मी म्हटलं, अगदी बरोबर जागी पाहतोयस. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञालाही वृश्चिकाच्या आसपास हेच वाटलं होतं, की आकाशात भोक आहे. पुढे बर्नार्ड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने अशा काळ्या जागांचे फोटो काढत काढत १९१९ मध्ये १८२ जागांची यादी छापली. ती भोकं नसून मध्ये आलेली धूळ आहे, हे पक्कं व्हायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. तेव्हा ड्रायव्हरला हसू नका.

रात्र आणखी चढली की पूर्वेकडून हंस आणि गरुड वर येतात आणि आकाशगंगेचा पट्टा मधोमध चिरल्यासारखा दोन फाट्यांत दिसतो. ती चीर म्हणजे एकामागे एक उभे असलेले रेणुमेघ. हे पाहायला बायनॉक्युलरही नको. सतरंजीवर उताणं पडा.

थंडीत त्याच ठिकाणी गेलात तर कृत्तिका आणि रोहिणी यांच्या मधल्या आणि जरा पूर्वेच्या पट्ट्याकडे बघा. तिथे वृषभातला रेणुमेघ आहे, साधारण ४५० प्रकाशवर्षांवर. तो काळा डाग म्हणून दिसत नाही, फक्त तारे कमी वाटतात. मला तो तिसऱ्या फेरीत ‘जाणवला’, आणि अजूनही तो मी पाहिला की कल्पना केली, हे शपथेवर सांगणार नाही.

६. वहीत एक हिशोब करा

हा हिशोब केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण इथे सगळ्यांचा ‘ढग’ या शब्दाने घात होतो. आषाढातल्या ढगासारखं काहीतरी दाट डोळ्यांसमोर येतं.

आपल्या खोलीतल्या हवेत साखरेच्या खड्याएवढ्या जागेत, म्हणजे १ घन सेंटिमीटरमध्ये, सुमारे २.५ गुणिले १० चा १९ वा घात इतके रेणू असतात. रेणुमेघात तेवढ्याच जागेत असतात काही शे ते हजार. प्रयोगशाळेत आपण जिला उत्तम निर्वात पोकळी म्हणतो, तीही याहून दाट.

मग असा ढग उजेड अडवतो कसा? लांबीने. ढग ३० प्रकाशवर्षं जाड धरा. एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. दर घन सेंटिमीटरला १००० रेणू धरून या सगळ्या जाडीतले एका चौरस सेंटिमीटरमागचे रेणू मोजले, तर उत्तर येतं सुमारे २.८ गुणिले १० चा २२ वा घात. आता तेवढे रेणू आपल्या हवेत किती जाडीत मिळतात? भागाकार करा: ११ मीटर. तीन मजली घराच्या उंचीएवढी हवा! एवढ्या हवेतून तर समोरचं दुकान स्वच्छ दिसतं.

फरक धुळीचा. ढगाच्या वस्तुमानात जवळपास शंभरावा भाग धूळ असते, सिलिकेट आणि कार्बनचे कण, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासचे. वरच्या हिशोबात ती येते चौरस सेंटिमीटरमागे एक मिलिग्रॅमच्या घरात. कमी वाटते? कंदिलाची काच आठवा. वात जास्त वर केली की काचेवर धरलेली काजळी वजनाला काहीच नसते, आणि पलीकडची ज्योत दिसत नाही. ३० प्रकाशवर्षांची काजळी, एवढंच ते आहे.

७. ढगापासून ताऱ्यापर्यंत, क्रमाने

आता आत काय चालतं ते.

ढगात दोन गोष्टींची ओढाताण असते. स्वतःचं गुरुत्व त्याला आत खेचतं. आतली उष्णता, वायूची खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतात. जेम्स जीन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये गुरुत्व आणि उष्णता या दोघांचा हिशोब मांडला: ठरावीक तापमानाला आणि घनतेला ठरावीक वस्तुमानापेक्षा जास्त ऐवज एकत्र आला, की तो स्वतःच्या भाराने ढासळतो. जितकं थंड, तितक्या कमी ऐवजात ढासळणं सुरू. म्हणून गारठा हवा. कोट्यवधी अंशांच्या भट्टीची सुरुवात बर्फाहून कितीतरी थंड जागी होते, याचं कारण हे.

ढग अख्खा ढासळत नाही. त्यात गाठी पडतात. अशी एक गाठ साधारण तिसरा हिस्सा प्रकाशवर्ष व्यासाची, आणि तिच्यात घन सेंटिमीटरला दहा हजार ते लाखांनी रेणू. ढासळायला लागली की काही लाख वर्षांत मधे गरम गोळा तयार होतो. ही खरोखर घाई आहे. सूर्याचं वय साडेचारशे कोटी वर्षांहून जास्त आहे.

आकसणं किती, ते साबुदाण्यावरून समजून घ्या. तयार झालेला सूर्य जर ४ मिलिमीटरचा साबुदाणा मानला, तर ज्या गाठीतून तो आला तिचा व्यास जवळपास ९ किलोमीटर होतो. राजवाड्यापासून विमानतळाच्याही पुढे म्हणा. तेवढ्या परिसरातला ऐवज एका साबुदाण्यात.

सगळं थेट मधे पडत नाही. गाठीला सुरुवातीला अगदी मंद का होईना, गिरकी असते, आणि आकसताना ती वाढते. फुगडीत हात जवळ ओढले की वेग वाढतो, तेच. त्यामुळे ऐवजाची तबकडी बनते. तबकडीतून तारा पोसला जातो आणि तिच्या दोन्ही बाजूंनी वायूचे फवारे सुटतात. चिलीतल्या आल्मा या दुर्बीणसमूहाने २०१४ मध्ये वृषभातल्याच एचएल टौ या ताऱ्याची तबकडी टिपली. तिच्यात कड्या-कड्या आणि मधे रिकामे पट्टे दिसतात, ग्रहांची जुळवाजुळव चालू असल्यासारखे.

मग गोळा हळूहळू आकसत, तापत जातो. गाभ्याचं तापमान १ कोटी अंशांच्या आसपास पोचलं की हायड्रोजनचं हेलियम होणं जोमाने सुरू होतं आणि आकसणं थांबतं. सूर्याएवढ्या ताऱ्याला इथवर यायला काही कोटी वर्षं लागतात. मोठे तारे लाखभर वर्षांत उरकतात. वस्तुमान सूर्याच्या साधारण ८ टक्क्यांहून कमी पडलं तर भट्टी नीट पेटत नाही आणि तपकिरी बटू, म्हणजे अर्धवट राहिलेला तारा, उरतो.

एक गैरसमज जाता जाता: सगळ्या ढगाचे तारे होत नाहीत. शेकडा काही भागच कामी येतो. पहिले मोठे तारे पेटले की तेच उरलेला ढग उधळून लावतात. एम ४२ मध्ये आपण हेच पाहतो, आतल्या लेकरांनी घराचं छप्पर उडवलेलं.

८. डोळ्यांपलीकडचं पाहायचं असेल तर

रेणुमेघात सर्वांत जास्त हायड्रोजन, आणि नेमका तोच मुका. त्याचे दोन्ही अणू सारखे, त्यामुळे रेणूच्या विद्युतभाराचा तोल अगदी समान. थंडीत तो जवळपास काहीच प्रारण (प्रकाश किंवा रेडिओ लहरी) सोडत नाही. मग ढग मोजायचा कसा? वरात आठवा. माणसं शेकडो, पण रात्री लांबून दिसतात त्या डोक्यावरच्या गॅसबत्त्या, आणि त्यांच्यावरून वरात कुठून कुठवर आहे ते कळतं. रेणुमेघातली गॅसबत्ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हायड्रोजनच्या दहा हजार रेणूंमागे साधारण एक, पण २.६ मिलिमीटर तरंगलांबीवर तो बोलत असतो. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी तो पहिल्यांदा ऐकला, आणि ऐकला तोही मृगातच.

घरबसल्या करायचं काम: ‘अलादिन लाइट’ हा आकाशाचा नकाशा इंटरनेटवर फुकट उघडतो. त्यात एम ४२ शोधा. आधी साध्या प्रकाशाचा थर लावा, मग ‘टू-मास’ हा अवरक्त थर. धूळ विरघळल्यासारखी होते आणि भिंतीआडचे तारे वर येतात. हे मागे-पुढे दहा वेळा करा. माझी चौथी पायरी मला खऱ्या अर्थाने इथे समजली. ज्येष्ठेवरच्या काळ्या भागालाही हेच करून पाहा.

पुण्याकडे नातेवाईक असतील तर नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहून या. ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत. फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी उघडतात. त्या वर्षीची सूचना आधी पाहा, ओळखपत्र न्या. फक्त तिथल्या मुलांना ‘कार्बन मोनॉक्साइड दाखवा’ म्हणू नका, जसं मी म्हणाले. ती लांब तरंगांची दुर्बीण आहे. हायड्रोजनच्या सुट्या अणूंची २१ सेंटिमीटरची लहर ती ऐकते, २.६ मिलिमीटर तिच्या आवाक्यात नाही.

९. वही कशी लिहायची

तारीख, तिथी, वेळ, जागा, कशातून पाहिलं. मग पेन्सिलने चित्र, वाईट आलं तरी चालेल. उजळ भाग काढू नका, गडद भागाची कड काढा; डोळा तिथे नेण्याचा याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही. काही न दिसलेल्या रात्रीही लिहा, आणि का दिसलं नाही तेही: धुकं, चंद्र, शेजाऱ्यांकडचं लग्न.

पावसाळाभर वही बंद राहील. ती पुन्हा उघडायला ऑक्टोबरचा मध्य चांगला, नवरात्रानंतरची वद्य अष्टमी ओलांडलेली. लक्ष्य एम १६, तोच तेजोमेघ ज्याच्या खांबांचा फोटो हबल या अवकाश दुर्बिणीने १९९५ मध्ये काढला. तो सुमारे ६५०० प्रकाशवर्षांवर आहे, त्यामुळे बायनॉक्युलरमध्ये ताऱ्यांचा एक छोटा पुंजका आणि भोवती धूसरपणा, एवढंच मिळेल. खांब दिसणार नाहीत. पण ते उजेडासमोर उभे राहिलेले काळे रेणुमेघ आहेत, प्रत्येकी काही प्रकाशवर्षांचे, हे आता तुम्हाला सांगावं लागणार नाही. दिवेलागणीनंतर साडेसातला नैऋत्येकडे तोंड करून बसा. नऊनंतर तो खाली धुराच्या पट्ट्यात उतरतो.